लघवीची पट्टी आणि छातीचा आजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा चिटणीसबाईंनी तो मला दोनदा विचारून घेतला. निमंत्रणपत्रिकेवर ‘लघवी’ हा शब्द छापावा कसा, असा त्यांना प्रश्न पडला असावा. शेवटी पत्रिकेत ‘आरोग्यविषयक व्याख्यान’ एवढेच आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु हाच संकोच घरोघरी आजारी बाईच्या अंथरुणापाशी येऊन बसतो आणि तिथे तो फार महाग पडतो. म्हणून आज मी हा शब्द मोकळेपणाने वापरणार आहे. तेवढी सवलत आपण मला द्यावी.

विषय असा आहे. मोठ्या माणसाला न्यूमोनिया झाला, की तो कोणत्या जंतूमुळे झाला हे लघवीच्या थोड्या थेंबांवरून पंधरा मिनिटांत सांगू शकणारी एक तपासणी आज उपलब्ध आहे. ती काय सांगते आणि त्याहीपेक्षा ती काय सांगत नाही, हे घरातल्या बायकांना ठाऊक असले पाहिजे, असे माझे मत आहे. आजाऱ्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी येते ती बहुधा सून, लेक किंवा बहीण. आणि तपासणीची चिठ्ठी मिळाल्यावर घरी जाऊन तिचा अर्थ सांगते तीही तीच. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी पुष्कळ वर्षे काढली आहेत. चिठ्ठी हातात पडताच लोकांचे डोळे त्यावरच्या एकाच शब्दाकडे जातात, हे मी रोज पाहिले आहे. ‘निगेटिव्ह’ हा शब्द दिसला, की चेहरा उजळतो. या तपासणीच्या बाबतीत तो इतक्या लवकर उजळता कामा नये.

प्रथम न्यूमोनिया म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. आपले फुफ्फुस मधाच्या पोळ्यासारखे असते. त्यात हवेच्या लाखो बारीक कोठड्या असतात. एखादा जंतू तिथे शिरून वाढू लागला, की या कोठड्या पाण्याने आणि पुवाने भरतात, हवेला जागा उरत नाही, आणि माणूस धापा टाकू लागतो. हे काम करणारे जंतू पुष्कळ आहेत. त्यांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे न्यूमोकोकस. तो १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चरला आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग नावाच्या लष्करी डॉक्टराला, एकमेकांचा पत्ता नसताना, माणसाच्या लाळेत सापडला. याशिवाय क्लेब्सिएला आहे, हिमोफिलस आहे, आणखी कितीतरी आहेत. फ्लू आणि कोविड यांसारखे विषाणू आहेत, आणि आपल्या देशात ज्याला कधीच विसरून चालत नाही तो क्षयाचा जंतू आहे. बाहेरून पाहता या सगळ्यांची चेहरेपट्टी सारखीच: ताप, खोकला, छातीत कळ, धाप. औषध मात्र सगळ्यांना एक नाही.

मग जंतू ओळखायचा कसा? जुना मार्ग म्हणजे बेडका तपासणे. छातीतून वर आलेला बेडका काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि त्यातील जंतू वाढवून, म्हणजेच कल्चर करून, त्यांची परीक्षा करायची. मार्ग चांगला आहे. पण त्यासाठी मुळात बेडका मिळावा लागतो आणि वाढ होण्यास एकदोन दिवस जावे लागतात. रक्तात जंतू सापडले तर निदान पक्के होते. परंतु न्यूमोनियाच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात ते सापडतच नाहीत.

बेडक्याची गोष्ट आपल्या बायकांच्या बाबतीत थोडी अधिक बोलण्यासारखी आहे. पुरुष रस्त्यात चार माणसांदेखत खाकरून थुंकतो. बाईला लहानपणापासून शिकवलेले असते की तसे करू नये. ती खोकते, तोंडावर पदर धरते आणि आलेला बेडका गिळून टाकते. सासूबाई सुनेदेखत थुंकत नाहीत, सून सासऱ्यांदेखत थुंकत नाही. मग डबी हातात दिली की तीत येते ती नुसती लाळ, आणि लाळेवरून छातीतले काही कळत नाही. हा काही माझाच तर्क नव्हे. पाकिस्तानात रावळपिंडी येथे क्षयाच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांवर एक प्रयोग झाला. बेडका कसा काढायचा, दीर्घ श्वास घेऊन खोलवरून कसे खोकायचे, हे काही स्त्रियांना नीट समजावून दिले आणि काहींना नेहमीप्रमाणे नुसती डबी दिली. ज्यांना समजावले होते त्यांच्यात क्षयाचे जंतू सापडण्याचे प्रमाण अधिक निघाले. २००७ साली तो प्रयोग ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रोग दोन्हींकडे होता. एकीकडे तो डबीपर्यंत पोचलाच नव्हता.

शिवाय म्हातारे माणूस अशक्त असते, त्याला जोराने खोकता येत नाही. कित्येकांचा खोकला कोरडाच असतो. अशा वेळी लघवी उपयोगी पडते. ती बहुतेकांना देता येते. तिच्यासाठी सुई टोचावी लागत नाही की घसा खरवडावा लागत नाही.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, छातीतल्या जंतूचा आणि लघवीचा संबंध काय? प्रश्न योग्य आहे. शेजारच्या घरी आंबेमोहोर शिजत असला, तर आपण त्यांच्या स्वयंपाकघरात न डोकावताही ते ओळखतो. तांदूळ तिथेच असतो. वास तेवढा आपल्यापर्यंत येतो. तसेच इथे आहे. जंतू छातीतच राहतो. परंतु तो वाढताना आणि मरताना त्याच्या अंगावरचे साखरेच्या जातीचे काही पदार्थ सुटे होतात, ते रक्तात मिसळतात, आणि मूत्रपिंडे रक्त गाळून ते लघवीत टाकतात. लघवीत जंतू नसतो, जंतूचा वास असतो म्हणा ना.

ही कल्पना कालपरवाची असेल असे मलाही पूर्वी वाटे. पण तिला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. १९१७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या इस्पितळात डोशे आणि एव्हरी या दोन डॉक्टरांनी असे दाखवून दिले, की न्यूमोकोकसच्या न्यूमोनियाने आजारी असलेल्या माणसांच्या रक्तात आणि लघवीत एक विरघळणारा पदार्थ असतो, आणि त्या लघवीत त्याच प्रकारच्या जंतूविरुद्ध तयार केलेले रक्तद्रव मिसळले, की साका बसतो. त्या काळी याची निकड मोठी होती. पेनिसिलिन नव्हते, सल्फा नव्हते. उपाय म्हणजे घोड्याला जंतू टोचून त्याच्या रक्तापासून काढलेले रक्तद्रव. आणि तेही ज्या प्रकारचा जंतू त्याच प्रकारचे द्यावे लागे, दुसरे चालत नसे. प्रकार ओळखण्यासाठी रुग्णाचा बेडका उंदराच्या पोटात टोचून वाट पाहत बसावे लागे. ज्याला आजची रात्र निघेल की नाही याची शंका, त्याच्यासाठी उंदराची वाट पाहायची! लघवीने काही रुग्णांचा तो वेळ वाचवला.

हा पदार्थ म्हणजे काय, हे १९२३ साली हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी शोधून काढले. ते निघाले शर्करेचे साखळीसारखे संयुग. जंतूने अंगावर साखरेचे पांघरूण घेतलेले असते, आणि प्रत्येक प्रकाराचे पांघरूण वेगळे. जाता जाता सांगते, याच पांघरुणाच्या मागे लागून एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९४४ साली आनुवंशिकता डीएनए या द्रव्यात साठवलेली असते हे सिद्ध केले. एका न्यूमोनियाच्या जंतूने एवढे मोठे गुपित उघड केले. पण तो आजचा विषय नव्हे.

पुढे १९३८ च्या सुमारास सल्फाची औषधे आली. ‘एम अँड बी ६९३’ हे त्यांतले गाजलेले नाव. १९४३ च्या डिसेंबरात चर्चिल न्यूमोनियाने आजारी पडले तेव्हा त्यांना तेच दिले होते. मागोमाग पेनिसिलिन आले. एकाच औषधाने सगळे न्यूमोकोकस मरू लागल्यावर प्रकार कोणता हे कोण विचारणार? घोडे गेले, उंदीर गेले आणि लघवीची परीक्षाही मागे पडली.

तिची पुन्हा आठवण झाली ती एका वेगळ्याच जंतूमुळे. १९७६ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड नावाच्या मोठ्या हॉटेलात पुष्कळजण उतरले होते. घरी परतल्यावर एकामागून एक माणसे न्यूमोनियाने आजारी पडू लागली. एकूण २२१ जण आजारी झाले आणि ३४ दगावले. नेहमीच्या पद्धतीने जंतू काही केल्या सापडेना. पेनिसिलिनच्या जातीची औषधे कामी येईनात. एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन ज्यांना मिळाले ते त्यामानाने बरे राहिले. १९७७ च्या जानेवारीत मॅकडेड या शास्त्रज्ञाला तो जंतू सापडला. त्याला लीजनेला हे नाव मिळाले. तो पाण्यात राहतो: मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाच्या मनोऱ्यांत, गरम पाण्याच्या नळांत, कारंज्यांत. पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून तो छातीत जातो. माणसापासून माणसाला सहसा लागत नाही. बेडक्यात त्याला वाढवणे फार जिकिरीचे, कारण त्याला खास खाद्य लागते. परंतु लघवीत त्याच्या खुणा उतरतात असे थोड्याच वर्षांत ध्यानात आले. मग हीच युक्ती जुन्या न्यूमोकोकसलाही पुन्हा का लावू नये, असा विचार झाला, आणि १९९९ साली न्यूमोकोकसच्या लघवीतील तपासणीची आजची पट्टी अमेरिकेत मान्यता मिळवून बाजारात आली.

ही पट्टी कशी असते, ते आपल्याला वेगळे समजावण्याची गरज नाही. दिवस राहिले की नाही हे पाहण्याची पट्टी घरोघरी ठाऊक आहे, आणि २०२० नंतर कोविडची पट्टी तर मुलांनाही पाठ झाली. तोच प्रकार. पुस्तकासारखे उघडमिट करता येणारे एक पुठ्ठ्याचे कार्ड असते. कापसाचा बोळा लघवीत बुडवून त्यात बसवायचा, वर औषधाचे थेंब टाकायचे, कार्ड मिटायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. आतल्या पट्टीवर सशाच्या शरीरात तयार केलेली प्रतिपिंडे एका रेषेत बसवलेली असतात. लघवीत जंतूची साखर असेल तर ती तिथे अडकते आणि गुलाबी-जांभळी रेघ उमटते. दुसरी एक रेघ नेहमीच उमटली पाहिजे. ती नाही आली तर कार्ड खराब समजावे. १९१७ साली परीक्षानळीत साका बसत असे, आता पुठ्ठ्यावर रेघ उमटते. तत्त्व जवळजवळ तेच. फरक एवढाच, की ही पट्टी जंतूचे वरचे पांघरूण पाहत नाही, त्याच्या भिंतीतली साखर पाहते. न्यूमोकोकसचे शंभराच्या वर प्रकार आहेत, पण ती साखर सर्वांत असते. लुगड्यांचे रंग शंभर, पण काठ एकच, तसे. म्हणून एका पट्टीत सगळे प्रकार येतात. मात्र कोणता प्रकार, ते ती सांगत नाही.

लीजनेलाची पट्टी निराळी असते. ती त्या जंतूच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या एकाच गटाला ओळखते.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ती गोष्ट. कृपा करून हा हिशेब ध्यानात ठेवावा. या विषयावरच्या पुष्कळ अभ्यासांची एकत्र मोजदाद २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसते, की न्यूमोकोकसमुळेच न्यूमोनिया झालेले शंभर प्रौढ रुग्ण घेतले, तर पट्टीवर सुमारे ७४ जणांची रेघ उमटते. उरलेल्या २६ जणांच्या छातीत तोच जंतू असतो आणि पट्टी कोरी राहते. उलट ज्यांना तो जंतू नाही अशा शंभरांपैकी सुमारे ९७ जणांची पट्टी कोरी राहते, तिघांची उगीच उमटते. म्हणजे ही पट्टी ‘हो’ म्हणाली तर बहुधा खरे मानावे. ‘नाही’ म्हणाली तर तेवढ्यावर विसंबू नये. चौघींतली एक सुटते. आपल्या आजच्या सभेत चारचारजणींनी एकमेकींकडे पाहावे, म्हणजे हा आकडा किती मोठा ते कळेल.

आणि हे झाले न्यूमोकोकसपुरते. क्लेब्सिएलाचा न्यूमोनिया असेल, फ्लूचा असेल, क्षय असेल, तर ही पट्टी गप्पच बसणार. तिला तो प्रश्न विचारलेलाच नाही. न्यूमोनिया आहे की नाही हे लघवी सांगत नाही. ते डॉक्टरांचे कान, छातीचा फोटो आणि आजाऱ्याची एकंदर अवस्था सांगते. न्यूमोनिया आहे असे ठरल्यावर तो अमुक जंतूचा आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर लघवी देते. म्हणून ‘लघवीत काही निघाले नाही, तेव्हा न्यूमोनिया नाही, तेव्हा इस्पितळात ठेवायला नको’ ही साखळी प्रत्येक कडीला तुटकी आहे. म्हातारीला घरी न्यायला कुटुंबाला असे एखादे कारण हवेच असते. पैशाची ओढ असते, कामावरच्या रजा संपलेल्या असतात, आणि म्हातारी स्वतःही ‘मला काही झालेले नाही, घरी चला’ म्हणत असते. या सगळ्यांना ती कोरी पट्टी आधार देते, म्हणून मी तिच्याविरुद्ध इतके बोलते आहे.

औषधाचेही तसेच. गंभीर न्यूमोनियात प्रतिजैविकाचा पहिला डोस कोणत्याही चिठ्ठीसाठी खोळंबून ठेवायचा नसतो. कल्चरसाठी रक्त घ्यायचे असेल तर ते आधी काढून घेतात, कारण औषध पोटात गेल्यावर जंतू वाढेनासे होतात. लघवीच्या पट्टीचा मात्र हा एक मोठा गुण आहे, की औषध सुरू झाल्यावरही ती उमटू शकते. जंतू मेला तरी त्याची साखर काही काळ लघवीत येत राहते. गावच्या डॉक्टरांकडून दोन दिवस इंजेक्शने घेऊन मग शहरात आणलेल्या रुग्णाच्या बाबतीत कल्चरला काही सापडत नाही, तिथे ही पट्टी बोलते. पण या गुणाचाच एक दोष होतो. आजार बरा झाल्यावरही कित्येक आठवडे ती उमटत राहू शकते. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनिया होऊन गेलेल्या बाईची पट्टी आज उमटली, तर ती रेघ जुन्या आजाराची असण्याचा संभव असतो. डॉक्टरांना तो जुना आजार आपण सांगितला पाहिजे. न्यूमोकोकसची लस टोचल्यानंतरही काही दिवस ती फसवू शकते, तेही सांगावे.

लहान मुलांच्या आयांसाठी एक सूचना. ही तपासणी मोठ्यांसाठी आहे. निरोगी मुलांच्या नाकाघशात न्यूमोकोकस आजार न करता मुक्काम ठोकून असतो, आणि तेवढ्यानेही मुलाच्या लघवीत रेघ उमटू शकते. तेव्हा नातवाला खोकला झाला म्हणून त्याच्यासाठी हिचा आग्रह धरू नये.

आणखी एक उणीव मोठी आहे. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो आणि कोणत्याला देत नाही, हे पट्टीला कळत नाही. त्यासाठी जिवंत जंतू वाढवावाच लागतो. म्हणून बेडका आणि रक्त यांची रजा झाली असे समजू नये. जिथे डॉक्टर मागतील तिथे तेही द्यावे. आणि बेडका देताना, भगिनींनो, लाज बाजूला ठेवावी. दार लोटून घ्यावे, चूळ भरावी, दोनतीन दीर्घ श्वास घ्यावे आणि पोटापासून खोकावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयासाठी बेडका तपासलाच पाहिजे. क्षयासाठीही एक लघवीची पट्टी आहे हे खरे. पण ती एचआयव्हीची बाधा असलेल्या रुग्णांसाठी आहे, सर्वांसाठी नाही.

तर मग ही तपासणी कोणाची करावी? याबाबत निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांत थोडा मतभेद आहे, पण एका गोष्टीवर बहुतेक सहमत आहेत: साध्या, घरी बरे होण्याजोग्या न्यूमोनियात तिची गरज नाही. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१९ साली सांगितले, की न्यूमोकोकसची पट्टी सरसकट करू नये, आजार गंभीर असेल तर करावी. लीजनेलाची पट्टी गंभीर आजारात, किंवा रोगी जिथून आला तिथे त्याची साथ असेल तर करावी. इंग्लंडात २०१४ साली मध्यम आणि गंभीर आजारात दोन्हींचा विचार करावा असे ठरले. आपल्याकडे २०१२ साली छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून जे नियम केले, त्यांत न्यूमोकोकसची पट्टी रोजच्या कामात आवश्यक मानली नाही. लीजनेलाची मात्र गंभीर रुग्णांत व्हावी असे म्हटले. मला हे योग्य वाटते. ज्या उत्तराने उपचारात काही फरक पडणार नाही, त्या प्रश्नावर आजाऱ्याच्या घरचे पैसे का खर्चावे? आणि दुर्दैवाने कित्येक इस्पितळांत असे आढळले आहे, की पट्टी उमटली तरी आधीची तीनतीन भारी औषधे तशीच चालू राहतात. मग ती केली कशाला? आपण आदराने एवढे विचारायला हरकत नाही: ‘डॉक्टर, जंतू कळला आहे, तर आता एखादे औषध कमी करता येईल का?’ न्यूमोकोकस असला तर साध्या पेनिसिलिनच्या जातीच्या औषधावर पुष्कळदा भागते. लीजनेला निघाला तर उलट, पेनिसिलिन सोडून दुसऱ्याच जातीचे औषध लागते, आणि ते वेळेवर सुरू होणे हा जिवाचा प्रश्न असतो. शिवाय तो कुठल्या पाण्यातून आला याचा तपास आरोग्य खात्याला करता येतो आणि पुढची माणसे वाचतात.

लघवीने केलेले एक काम मात्र मला फार कौतुकाचे वाटते. नेदरलँड्स देशात ६५ वर्षांवरील सुमारे ८४ हजार माणसांवर न्यूमोकोकसच्या लशीची परीक्षा झाली. अर्ध्यांना लस टोचली, अर्ध्यांना नुसते पाणी म्हणा. पुढे ज्यांना न्यूमोनिया झाला, त्यांचा जंतू लशीतल्या तेरा प्रकारांपैकी आहे की नाही, हे ओळखायचे कसे? म्हाताऱ्या माणसांना बेडका येत नाही, रक्तात जंतू सापडत नाही. तिथे प्रकारवार ओळखणारी लघवीची एक खास तपासणी वापरली. म्हणजे डोशे आणि एव्हरी यांचीच कल्पना, नव्या साधनांनी. २०१५ साली निकाल लागला: लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया लशीने सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडे ही लस बाळांना सरकारी कार्यक्रमातून २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर देण्यास सुरुवात झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशी एक लस तयार केली आहे. वयस्कर माणसांनी, विशेषतः ज्यांना मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी, तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता घरी काय पाहायचे ते सांगते, कारण कोणतीही पट्टी इस्पितळात गेल्यावरच उपयोगाची, आणि नेण्याचे ठरवायचे असते आपणच. म्हाताऱ्या माणसाच्या न्यूमोनियाला पुष्कळदा ताप नसतो. खोकलाही नाममात्र असतो. सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत, दुपारची संध्याकाळ समजल्या, मोलकरणीला नणंदेच्या नावाने हाक मारली, तर ‘वयोमानाने चळल्या’ असे म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या छातीकडे पाहा. घड्याळ समोर धरून पुरा एक मिनिट श्वास मोजा. मात्र मोजते आहे असे त्यांना सांगू नका, सांगितले की श्वास बदलतो. मिनिटाला तीस किंवा त्याहून अधिक श्वास, नव्याने आलेला गोंधळ, ओठ निळसर, किंवा बसल्याजागी धाप, यांतले एकही असले तरी सकाळची वाट पाहू नये. कोविडच्या दिवसांत घेतलेले बोटाला लावायचे यंत्र कपाटात असेल तर काढा. ऑक्सिजनचा आकडा नेहमी चांगला असणाऱ्या माणसात तो ९४ च्या खाली उतरला, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. नखाला रंग असेल तर आधी पुसा.

आणि या साऱ्यात घरातली मधली बाई, जी सर्वांचे श्वास मोजते, तिचे कोण मोजणार? ताप अंगावर काढून पोळ्या लाटणाऱ्या बायका मी खिडकीतून पाहिल्या आहेत. सासूची बाटली देताना त्या स्वतःच कठड्याला धरून धापा टाकत असत.

शेवटी बाटलीविषयी. तपासणीला नेलेली लघवी कोणत्याही वेळची चालते. उपाशीपोटी असण्याची गरज नाही, पहाटेचीच हवी असेही नाही. भांडे प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावे, ते फुकट मिळते किंवा नाममात्र किमतीत. लोणच्याच्या बरणीतून, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून, एकदा तर अत्तराच्या कुपीतून आलेली लघवी मी परत पाठवलेली आहे. बाटलीवर नाव, वय आणि वेळ लिहावी. लगेच नेता आली नाही तर एक दिवस साध्या खोलीत राहू शकते. त्याहून उशीर होणार असेल तर थंड जागी ठेवावी, मात्र दुधाच्या शेजारी नको.

मी दोन कार्डे सोबत आणली आहेत. एक कोरे आहे आणि एक नुसत्या पाण्यावर करून दाखवलेले, त्यामुळे त्यावर एकच रेघ आहे. चहा होईपर्यंत ती हातोहात फिरू द्या. ज्यांना काही विचारायचे असेल आणि सभेत विचारायला संकोच वाटत असेल, त्यांच्यासाठी मी मागच्या खोलीत बसते.